मुलं सांभाळणाऱ्या ताईंचा पगार इतका कमी का?

अंगणवाडी ताईंचा मोर्चा निघाला की पुण्यात हमखास ऐकू येतं, "मानधन तर आत्ताच वाढवलं ना, मग आता पुन्हा काय?" आणि बाणेर-वाकडकडच्या नोकरदार आयांची तक्रार असते, "पाळणाघराची फी दरवर्षी वाढते, मग तिथल्या ताई चार-सहा महिन्यांत सोडून का जातात?" एक गोष्ट वस्तीतल्या सरकारी अंगणवाडीची, दुसरी सोसायटीतल्या खासगी पाळणाघराची. दोन्हींच्या मुळाशी अडचण एकच आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना सांभाळण्या-शिकवण्याच्या कामाचा मोबदला कोणी द्यायचा, हे आपण अजून ठरवलेलंच नाही. ते ठरत नाही तोवर त्याची किंमत त्या बायकाच स्वतःच्या खिशातून भरत राहतात.

## ही माणसं कोण?

सगळ्यात मोठा गट अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांचा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडीची कल्पना मात्र त्याआधीची आणि आपल्याच राज्यातली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, शाळेपर्यंत न पोचणाऱ्या मुलांच्या अंगणात शाळा नेली. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत, देशात १४ लाखांच्या जवळपास.

दुसरा गट खासगी पाळणाघरं, प्लेग्रुप आणि नर्सरीतल्या ताई, मावशी आणि टीचर यांचा. महापालिकेच्या बालवाड्यांतल्या मानधनावरच्या शिक्षिका आणि सेविका हा तिसरा. चौथा गट फारसा कुणाच्या नजरेत येत नाही, तो म्हणजे बांधकामांच्या साइटवर मजुरांची मुलं सांभाळणाऱ्या बायका. पुण्यात हे काम काही संस्था कित्येक वर्षं चिकाटीने करत आहेत.

## हातात किती पडतं?

अंगणवाडीचे आकडे जाहीर आहेत. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं, मदतनीस ताईंचं ४,४२५ वरून ५,५०० रुपये. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून दीड महिन्याहून अधिक काळ संप चालला. ऑक्टोबर २०२४ पासून सेविकेला १३,००० आणि मदतनीस ताईंना ७,५०० रुपये मिळू लागले. कामगिरीनुसार मिळणारा प्रोत्साहन भत्ता वेगळा, सेविकेला जास्तीत जास्त २,००० आणि मदतनीस ताईंना १,०००.

वाढ खरी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण तुलना करून बघा. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य सरकारच्या सगळ्यात खालच्या पदाचं मूळ वेतन १५,००० रुपयांपासून सुरू होतं. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, दरवर्षीची वेतनवाढ. सेविकेच्या १३,००० वर महागाई भत्ता नाही. महागाई वाढली की आपोआप काहीच वाढत नाही, म्हणून तिला दर काही वर्षांनी रस्त्यावर यावं लागतं. "आता पुन्हा काय?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

शिवाय हे पैसे दोन तिजोऱ्यांतून येतात. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेसाठी ४,५०० रुपये हा दर ठरवला आणि पुढे कित्येक वर्षं तो हललाच नाही. त्यातही केंद्राचा वाटा ६० टक्के, म्हणजे २,७०० रुपये. बाकी सगळं राज्याने घालायचं. त्यामुळे मागणी केली की केंद्र राज्याकडे बोट दाखवतं आणि राज्य केंद्राकडे.

खासगी पाळणाघरांत तर असा जाहीर आकडाच नसतो. पगार तोंडी ठरतो, बहुतेकदा रोख मिळतो. कायद्याची छत्री इथे पोचत नाही, त्याचं कारण साधं आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर लागू होतो, कर्मचारी राज्य विमा योजना आणि ग्रॅच्युइटी १० असतील तर. बंगल्याच्या तळमजल्यावर चालणाऱ्या पाळणाघरात चार-पाच जणी असतात. त्या या सगळ्या रेषांच्या खाली राहतात.

## मानधन आणि वेतन यांत फरक काय?

वेतन म्हणजे कामाचा मोबदला. तो कायद्याने मागता येतो, किमान किती हवा हे सरकार ठरवतं, आणि त्याला रजा, निधी, निवृत्तीचे लाभ जोडलेले असतात. मानधन म्हणजे स्वेच्छेने सेवा करणाऱ्याला दिलेली रक्कम. १९७५ साली योजना आखताना सेविका ही गावातली, थोडा वेळ समाजासाठी देणारी बाई असेल, असं धरलं गेलं. चार तासांचं काम, तेही घराजवळ.

आज ती काय करते ते पाहा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणं हे झालंच. त्याशिवाय वजन-उंची घेणं, कमी वजनाच्या बाळांच्या घरी जाणं, गरोदर आणि स्तनदा मातांना आहार देणं, लसीकरणाच्या दिवशी मुलं जमवणं, आणि हे सगळं पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरणं. अनेक ठिकाणी मतदार यादीचं काम तिच्याकडेच येतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायलाही तीच धावली, अर्जामागे ५० रुपयांच्या बोलीवर. जनता वसाहतीच्या चढावरच्या किंवा येरवड्यातल्या गल्लीबोळांतल्या घरभेटी चार तासांत बसवून दाखवाव्यात कुणीही.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात म्हटलं की सेविका सरकारी पदावर नाहीत. सरकारं आजही त्याचा आधार घेतात. पण २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भारिया यांच्या खटल्यात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी सांगितलं की १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यापुरतं हे मानधन वेतनच आहे आणि सेविका-मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. अर्धवेळ काम हा युक्तिवादही त्यांनी फेटाळला. ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. शेवटचं मानधन १३,००० आणि सेवा २० वर्षांची असेल तर ही रक्कम दीड लाख होते. आयुष्यभराच्या कामानंतर दीड लाख, आणि त्यासाठीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

गुजरातमध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. तिथल्या उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सेविकेला किमान २४,८०० आणि मदतनीस ताईंना २०,३०० रुपये देण्याचा आदेश दिला. तो त्या राज्यापुरता आहे, पण इथल्या मागण्यांच्या पत्रकांत त्याचा उल्लेख येणार हे उघड आहे.

एक गोष्ट मला सतत टोचते. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला होता. मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्या लोकांना संप करायला मनाई करणारा कायदा. टीका झाल्यावर काही दिवसांतच तो मागे पडला. पण संप करायला निघाली तेव्हा तिचं काम अत्यावश्यक ठरलं आणि पगार मागायला गेली की ती स्वेच्छेने सेवा करणारी ठरते. दोन्हींपैकी एकच खरं असू शकतं.

## "मुलं तर आजीही सांभाळते. यात शिकलेलं काय लागतं?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणून थोडं थांबूया. आजी एका नातवाला सांभाळते, त्याच्या जन्मापासून ओळखते आणि थकली की सुनेच्या हाती देते. पाळणाघरातली ताई एकाच वेळी सहा-सात वेगवेगळ्या घरांतली मुलं सांभाळते. एकाला दुधाची ॲलर्जी, एक अजून बोलत नाही, एक चावतं, एकाला ताप चढतोय. चावणाऱ्याला न मारता थांबवायचं, चावलेल्याला शांत करायचं, आणि उरलेल्या पाचांवरची नजर काढायची नाही. न बोलणारं मूल उशिरा बोलणारं आहे की ऐकण्याचीच अडचण आहे, हे पहिल्यांदा लक्षात येतं ते बहुतेकदा तिच्याच. दिवसभर तेच मूल तिच्यासमोर असतं.

तरीही हे कौशल्य दिसत नाही, कारण ते घरात फुकट होतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. घरातल्यांची काळजी घेण्यात स्त्रियांची १३७ मिनिटं जातात, पुरुषांची ७५. घरी ज्याचे पैसे कुणी दिले नाहीत, ते काम बाजारात आलं की त्याचा भाव शून्याच्या जवळून सुरू होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचं आणि कमी शिकलेल्यांना एक वर्षाचं प्रशिक्षण द्यावं, असंही त्यात आहे. प्रशिक्षण हवंच. पण प्रशिक्षित बाईला पगार कुठला द्यायचा, या प्रश्नापाशी येऊन ते वाक्य संपतं.

## "फी एवढी घेतात, मग पैसा जातो कुठे?"

एक कल्पित हिशोब मांडते. समजा, पश्चिम पुण्यात एक चांगलं पाळणाघर आहे. १५ मुलं, प्रत्येकी फी ९,००० रुपये. महिन्याला जमा १ लाख ३५ हजार. जागेचं भाडं ४५,०००. खाणं, वीज, साफसफाई, खेळणी, कॅमेरे, डागडुजी मिळून २०,०००. चालवणारी बाई सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत तिथेच असते, तिने स्वतःसाठी ३०,००० ठेवले. उरले ४०,०००. चार ताई असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला १०,००० येतात.

आता या ताईंना २०,००० द्यायचे ठरवलं तर आणखी ४०,००० लागतील. १५ मुलांत वाटले तर प्रत्येक घरावर सुमारे २,७०० रुपयांचा बोजा. काही घरं तो उचलतील, काही मूल काढून घेतील. पाच मुलं कमी झाली की पाळणाघर बंद. म्हणजे यात लबाड कुणीच नसताना पगार कमी राहू शकतो. अर्थात नफा खिशात घालून ताईंना राबवणारी केंद्रंही आहेत, तिथे दोष सरळ मालकांचा आहे. पण सगळेच मालक चांगले झाले तरी गणित सुटत नाही, हे समजून घेणं महत्त्वाचं.

याचं कारण अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात सांगून ठेवलंय. पुणेकरांना ते चटकन कळेल. सवाई गंधर्व हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव १९५३ साली सुरू झाला. त्या वर्षी विलंबित ख्याल मांडायला जेवढा वेळ लागत होता तेवढाच आजही लागतो. यंत्र आणून तो दहा मिनिटांत उरकता येत नाही. कारखान्यात मात्र त्याच वेळात आज कितीतरी पट माल निघतो, म्हणून तिथले पगार वाढवणं परवडतं. मुलं सांभाळणं ख्यालासारखं आहे. एका ताईने तीन बाळं सांभाळायची ती सहा केली, तर कार्यक्षमता वाढत नाही, प्रत्येक बाळाला मिळणारं लक्ष अर्धं होतं. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तीन मुलांमागे एक माणूस हा नियम आहे, आणि तिथेही नर्सरीतले पगार कमी असल्याची ओरड वर्षानुवर्षं चालूच आहे. श्रीमंत देश झाला म्हणून बाजार हे गणित सोडवत नाही.

## ताई बदलली तर बाळाला काय फरक पडतो?

२०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे नोकरदार आई साधारण सहा महिन्यांच्या बाळाला पाळणाघरात ठेवते. अनोळखी माणसाची भीती बाळांमध्ये साधारण आठव्या महिन्याच्या आसपास दिसायला लागते आणि पुढचे कित्येक महिने टिकते. याच काळात त्याला एक ठरलेला चेहरा, ठरलेला आवाज हवा असतो. हाक मारली की वळणारं माणूस हवं असतं. बोलणं, धीर, खाणं, झोप सगळं त्यावर उभं राहतं.

आणि १०,००० रुपयांवरची ताई नेमकी याच काळात जाते. समोरच्या सोसायटीत दोन घरांचा स्वयंपाक मिळाला, मॉलमध्ये दीड हजार जास्त मिळाले, की ती जाते, आणि तिने जाऊ नये असं म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. नव्या ताईशी बाळाचं जमेपर्यंत महिना जातो. पगाराची चर्चा ही फक्त ताईंच्या न्यायाची नाही, ती बाळाच्या वर्षभराची आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण होतानाचं चित्रण बाहेर आलं, तेव्हा राज्यभर संताप झाला. त्यानंतर पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न ठरून गेला, "कॅमेरे आहेत का?" कॅमेरे असावेत. पण एका बाईकडे किती मुलं आहेत, ती किती तास सलग उभी आहे, तिला सुट्टी मिळते का, हे कॅमेरा सांगत नाही.

## "पगार वाढवला की दर्जा वाढेल कशावरून?"

फक्त पगार वाढवून सगळं सुधारेल असं मीही म्हणणार नाही. पण माणसांवर खर्च केल्याने काय होतं, याचा भारतातलाच भक्कम पुरावा आहे. तामिळनाडूतल्या ३२० अंगणवाड्यांत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. निम्म्या अंगणवाड्यांना, चिठ्ठ्या टाकून निवडून, फक्त मुलांना शिकवण्यासाठी एक अर्धवेळ जास्तीची बाई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, गणित आणि भाषेत मुलं पुढे गेली, आणि कुपोषणही घटलं, कारण मूळ सेविकेला पोषणाच्या कामाला वेळ मिळाला. खर्चाच्या मानाने फायदा कितीतरी जास्त निघाला. म्हणजे आज एकाच बाईवर टाकलेलं काम दोघींचं आहे.

## "सरकारने किती ओझं उचलायचं?"

पुन्हा साधा हिशोब. १ लाख १० हजार सेविकांना महिन्याला ५,००० रुपये जास्त दिले तर वर्षाला ६६० कोटी लागतात. तितक्याच मदतनीस ताईंना तेवढेच दिले तर मिळून १,३२० कोटी. लाडकी बहीण योजनेसाठी २०२४ मध्ये जाहीर झालेला वार्षिक अंदाज ४६,००० कोटींचा होता. ती योजना चूक आहे असं मला म्हणायचं नाही, गरीब घरातल्या बाईच्या हातात दीड हजार येणं मोठी गोष्ट आहे. पण त्या रकमेच्या तीन टक्क्यांहून कमी पैशांत राज्यातल्या प्रत्येक अंगणवाडीतल्या दोघींचा महिना बदलू शकतो. तेव्हा "पैसा नाही" हे उत्तर पूर्ण नाही. कुणाला आधी द्यायचं, हा निवडीचा प्रश्न आहे.

सरकारने का द्यायचं, याचं कारणही आहे. नीट वाढलेल्या मुलाचा फायदा फक्त त्याच्या आईबापांना होत नाही. पहिलीच्या बाईंना होतो, पुढे त्याला कामावर घेणाऱ्या कंपनीला होतो, त्याने भरलेल्या करातून सगळ्यांना होतो. प्राथमिक शाळेचा पगार आपण याच कारणाने सरकारी तिजोरीतून देतो. सहाव्या वर्षी जे पटतं ते चौथ्या वर्षी का पटू नये? शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता आहे, एवढंच त्याचं उत्तर.

## पुण्यात उद्यापासून काय मागता येईल?

कंपन्यांपासून सुरुवात करता येईल. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं, ही तरतूद २०१७ पासून आहे. हिंजवडी-खराडीतल्या बऱ्याच कंपन्या ती बाहेरच्या पाळणाघराशी करार करून भागवतात. करार होताना भाव पाडला जातो, आणि पाडलेला भाव ताईंच्या पगारातूनच निघतो. तिथे काम करणाऱ्या आयाबापांनी मनुष्यबळ विभागाला विचारावं की करारात ताईंना किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी देण्याची अट आहे का. हा प्रश्न लेखी गेला की त्याचं उत्तर द्यावं लागतं.

२०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत बांधकामांवर १९९६ च्या कायद्यानुसार ५० हून अधिक महिला मजूर असतील तर पाळणाघर बंधनकारक होतं. प्रत्यक्षात बायका जोडीने, ठेकेदारांमार्फत विखरून कामाला असतात, म्हणून आकडा क्वचितच ५० च्या पुढे दाखवला गेला. फ्लॅट बुक करताना साइटवर मुलांसाठी काय सोय आहे, हे ग्राहक विचारू शकतो.

खासगी पूर्व-प्राथमिक केंद्रांना राज्याने २०२५ मध्ये पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. त्या नोंदणीत जागा, खोल्या, मुलांची संख्या यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांचा पगार बँकेतून होतो का, हा एक रकाना हवा. तो आला तर तोंडी पगाराचा हिशोब पहिल्यांदा कागदावर येईल.

आणि पाळणाघर बघायला जाल तेव्हा कॅमेऱ्यांच्या आधी तीन गोष्टी विचारा. एका ताईकडे किती बाळं असतात? तिला आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळते का? गेल्या वर्षभरात किती जणी सोडून गेल्या? तिसऱ्याचं उत्तर द्यायला चालकबाई अडखळल्या, तर पगार किती आहे ते वेगळं विचारायची गरज उरत नाही.